साहेब येईपर्यंत वाजलेली रेकॉर्ड

"साहेब निघाले," संतोषभाऊ म्हणाले.

मी कानावरचा हेडफोन खाली घेतला. "कुठून?"

"नांदेडहून."

मी सेनगावच्या मंडपात मिक्सरसमोर बसलो होतो. कार्यक्रम चारचा होता आणि चार केव्हाच वाजून गेले होते. नांदेड ते सेनगाव रस्ता ज्याला माहीत आहे, त्यानं हे वाक्य ऐकलं की चपला काढून मांडी घालून बसावं. मी तेच केलं.

माझं नाव पाठक. हिंगोलीत साउंडचं दुकान आहे. वडील देवळात पुजारी होते. कीर्तनासाठी त्यांनी पहिला भोंगा आणला. पुढे पूजा थोरल्या भावाकडे गेली आणि भोंगा माझ्याकडे आला. म्हणून लोक अजून मला पाठक महाराज म्हणतात. महाराज म्हणायचं आणि दिवसभर "आवाज वाढवा, आवाज कमी करा" म्हणून डोकं खायचं.

त्या दिवशी सेनगावात नव्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. संतोषभाऊ म्हणजे इथले युवा नेते. युवा म्हणजे किती, ते विचारू नका, त्यांच्या पोराचं लग्न झालंय. वाचनालयाची इमारत त्यांनी मिळवली, कपाटं मिळवली, उद्घाटनाला साहेब मिळवले. साहेब म्हणजे मोठं प्रस्थ, त्यांचं नाव इथं घेत नाही. सगळं जमलं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वाचनालयात पुस्तकं नाहीत.

पुस्तकं खिल्लारे सरांकडे होती. सर मूळचे हट्टा गावचे, हिंगोलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. घरात माणसापेक्षा पुस्तकांना जास्त जागा. संतोषभाऊ त्यांच्याकडे गेले, पाया पडले. सर म्हणाले, "सगळी देतो. पण उद्घाटनाला माझी एक रेकॉर्ड वाजली पाहिजे. एक बाजू. पूर्ण."

"एक काय सर, दहा वाजवू!" भाऊ म्हणाले. कसली रेकॉर्ड, ते त्यांनी विचारलंच नाही.

विचारायची पाळी माझ्यावर आली. सर दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड छातीशी धरून दुकानात हजर. सोबत मॅडम, म्हणजे त्यांच्या मिसेस. मॅडम सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या आहेत, त्यामुळे त्या कुणालाच घाबरत नाहीत. सरांचा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डावाही निघालाय. म्हणून त्यांच्याशी डाव्या बाजूनं आणि मोठ्यानं बोलावं लागतं.

"हे काय आहे सर?"

"ब्रिटिश ऑर्केस्ट्रल जॅझ."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

सर तरुणपणी शिष्यवृत्तीवर वर्षभर इंग्लंडला होते. तिथल्या एका गावातल्या ग्रंथालयानं जुन्या रेकॉर्ड बाहेर टेबलावर मांडल्या होत्या, कुणीही न्या म्हणून. प्रत्येकीवर 'काढून टाकले' असा शिक्का. सरांनी जेवढ्या बॅगेत मावल्या तेवढ्या आणल्या आणि त्यासाठी थंडीचे कपडे तिकडेच सोडून दिले. मॅडमना हे लग्नानंतर कळलं.

"जॅझ म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते," सर म्हणाले. "पण इंग्लंडातही काही वेड्यांनी मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन जॅझ लिहिलं. एकीकडे व्हायोलिनचा ताफा, दुसरीकडे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. अर्धं कागदावर लिहिलेलं, अर्धं वाजवणाऱ्याला तिथल्या तिथं सुचलेलं. रेकॉर्ड निघाल्या, थोड्या विकल्या, मग सगळे विसरले. आता पुन्हा शोधून ऐकाव्यात अशा आहेत, पाठक. फार मोठं काम आहे ते."

"म्हणजे त्यांच्या देशात चाललं नाही?"

"नाही चाललं."

"अन् सेनगावात चालेल?"

"का नाही? सेनगावला कुठं आधीच कुणी सांगून ठेवलंय, की हे चांगलं नाही म्हणून?"

मी म्हणालो, "बरं, पेन ड्राइव्हवर घेऊन टाकतो, सोपं जाईल." सर एकदम उखडले. रेकॉर्ड फिरताना लोकांना दिसलीच पाहिजे म्हणाले. नाही तर लोक म्हणतील, पाठकनं मोबाईलवर काहीतरी लावलं.

सर बाजूला झाल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले, डावा कान आता फार दिवस साथ देणार न्हाई. हा माणूस आयुष्यभर हे एकटाच ऐकत आला, दार लावून. मला तर ते भांडे पडल्यासारखं वाटतं. त्याला एकदाच मोठ्या स्पीकरवर, चार माणसांत बसून ऐकायचंय. एकट्यानं ऐकलेलं खरं वाटत न्हाई म्हणतो. तेवढं करा पाठक, अन् मला मोकळं करा."

त्या रेकॉर्डच्या कव्हरवर धुक्यातला एक पूल आहे. बाकी काही नाही. एका बाजूला एकच सलग रचना, मध्ये कुठं थांबा नाही. मी दुकानात ती ऐकून पाहिली. खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं की मशीन बिघडलं.

आता थोडं धंद्याचं सांगतो. रेकॉर्डवर बारीक चरे असतात. त्यातून सुई फिरते आणि सुईच्या थरथरण्याचा आवाज होतो. सुईला ही थरथर रेकॉर्डची आहे की बाहेरची, हे कळत नाही. मंडपात मोठे स्पीकर लावले की स्टेजच्या फळ्या हादरतात, फळ्यांवरचं टेबल हादरतं, टेबलावरची सुई हादरते, आणि ती हादरली की तोच आवाज पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन येतो. आधी घूं होतं, मग सुई उडी मारते.

सकाळी टेस्टिंगला तेच झालं. घूं, आणि सुई थेट शेवटाला. सरांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. टेबल स्टेजवरून खाली जमिनीवर घेतलं, तरी घूं. खाली गाद्या घातल्या, तरी घूं. शेवटी शेजारच्या आडतीवरून सोयाबीनची भरलेली पोती आणवली, एकावर एक रचली आणि त्यावर रेकॉर्ड प्लेअर ठेवला. दाणे जरा जरा सरकतात आणि हादरा तिथल्या तिथं जिरतो. सुई गप. इंग्लंडच्या त्या संगीतकारानं आपली रेकॉर्ड कशाकशावर वाजेल असा विचार केला असेल, पण सोयाबीन त्यात नसणार.

हे सगळं करून मी कार्यक्रमपत्रिका पाहिली. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, उद्घाटकांचे भाषण, राहिलेले सत्कार, आभार. आणि आभारानंतर शेवटी 'संगीत (सर)'.

"भाऊ, आभारानंतर तर जेवण आहे," मी म्हणालो. "आभार म्हणलं की लोक ताटाकडं पळतात. सरांचं ऐकायला बसणार कोण?"

"वाजवायचं कबूल केलं व्हतं, वाजवून राहिलो ना?" भाऊ म्हणाले. "लोक बसतील असं कुठं कबूल केलं?"

नेता का म्हणतात ते तेव्हा कळलं.

तर आम्ही असे बसलो होतो. मंडपात आसपासच्या गावांतली माणसं, बायका, लेकरं. भाऊंनी सगळ्यांना जीपनं आणलं होतं. आमच्या भागातल्या जीपचा एक नियम आहे. ती भरल्याशिवाय हलत नाही. दोन माणसांना कंटाळा आला म्हणून परत निघता येत नाही, सगळ्यांनाच यावा लागतो. शिवाय जेवणाचा मंडप भाषण होईपर्यंत बंद. म्हणजे पब्लिक पक्कं अडकलेलं.

मी देशभक्तीची गाणी लावली. संपली. पुन्हा लावली. भाऊंचा फोन वाजला. "साहेब डोंगरकड्याला आले. चहा घेऊन राहिले." डोंगरकडा म्हणजे अजून निम्मा रस्ताही नाही.

गाणी तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात भाऊंच्या विरोधी गटाचे एक कार्यकर्ते सहज म्हणून स्टेजकडे सरकायला लागले. इथं एक धंद्याची गोष्ट सांगतो. सभेत माइक कधी रिकामा ठेवायचा नसतो. दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांतता झाली की कुणीतरी चढतं, "दोन शब्द बोलतो" म्हणतं, आणि माइक परत मिळत नाही. भाऊंच्या कपाळावर घाम फुटला.

"महाराज, काहीतरी लांबडं लावा! मधी गॅप नको!"

"माझ्याकडं गॅप नसलेलं एकच आहे," मी म्हणालो. "सरांचं."

"लावा ना मग! काहून बघून राहिले?"

सर पहिल्या रांगेत कडेला बसले होते. मी खूण केली. ते उठले, उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं सुई ठेवली आणि मोठ्या स्पीकरच्या बाजूला खुर्ची ओढून बसले, हात स्पीकरच्या लाकडावर. ऐकू कमी येतं म्हणून ते हातानंही ऐकतात.

सुरुवातीला खाली गुरगुरतं, जाड्या आवाजाचे व्हायोलिन. मग एक ट्रम्पेट लांबून, तोंड दाबल्यासारखा. मंडपात कुजबुज झाली.

"हे सुरू कधी व्हणार?" पुढच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"सुरू झालंय बाबा," मी म्हणालो.

"व्हय? मंग ते जुळवून काहून राहिले अजून?"

मागची एक बाई म्हणाली, "एकाच गल्लीत कीर्तन अन् वरात समोरासमोर आलीय जणू!" सगळ्या बायका हसल्या. मला मात्र ते बरोबर वाटलं. सरांनी अर्धा तास समजावून जे मला कळलं नव्हतं, ते त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं. कीर्तन हटत नाही, वरातही हटत नाही, आणि थोड्या वेळानं दोघांची चाल एक होते.

साहेबांच्या स्वागताला रशीदभाईंचा बँड बोलावला होता. ते सगळे लाल कोट घालून गेटजवळ ताटकळत बसले होते. सॅक्सोफोनचा तुकडा सुरू झाला तसे रशीदभाई उठून माझ्याजवळ आले.

"महाराज, ये कौन बजा रहा है?"

"इंग्लंडचा कुणीतरी. नाव सरांना माहीत."

"बड़ी तकलीफ में है बेचारा," रशीदभाई म्हणाले आणि तिथंच पोत्याला टेकून बसले. हळूहळू त्यांची माणसंही सरकत आली. गेट मोकळं पडलं.

मी काही चमत्कार झाला म्हणणार नाही. निम्मे लोक पेंगत होते. लेकरं मातीत खेळत होती. पण गप्पा थांबल्या होत्या. मंडपात बोलणं थांबणं म्हणजे काय ते साउंडवाल्याला विचारा. मी हळूच आवाज थोडा वाढवला.

तेवढ्यात गेटवर गाडीचे दिवे दिसले. भाऊ ओरडत आले, "साहेब आले! बंद करा, बंद करा!"

मी फेडर खाली ओढला. फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी, खाली ओढली की आवाज बंद. ट्रॉम्बोन अर्ध्यात तुटला. रशीदभाईंची माणसं धडपडत गेटकडे पळाली, स्वागताची धून वाजवली, दोन फटाके फुटले, भाऊ हार घेऊन वाकले. गाडीतून केटरर उतरला. बुंदी घेऊन आला होता.

बँड थांबला. हसावं की नाही, कुणाला कळेना. आणि त्या शांततेत तो पुढचा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरे, ते वाजत व्हतं ते मधीच काहून तोडलं? लावा पुन्हा!"

"लावा, लावा!" मागून दोन-चार आवाज आले. बायकांतूनही आला.

सर स्पीकरवरचा हात काढून घेऊन तसेच बसले होते. त्यांना वाटलं, झालं, संपलं. मॅडम त्यांच्या डाव्या कानाशी गेल्या. "लोक म्हणून राहिले, पुन्हा लावा!"

"काय?"

"लोक म्हणून राहिले, पुन्हा लावा!"

"काय म्हणतात?"

"पुन्हा! लावा! म्हणतात!" मॅडम असं ओरडल्या की सगळ्या मंडपानं ऐकलं.

सरांनी आणखी एकदा "काय?" केलं. माझी पैज आहे, त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मॅडमनाही ते कळलं होतं. तरी त्यांनी चौथ्यांदा सांगितलं, ह्या वेळी ओरडल्या नाहीत. मी फेडर पुन्हा वर सरकवला.

सरांनी सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली.

भाऊंचा फोन सुरूच. "साहेब डोंगरकडा सोडून राहिले." म्हणजे इतका वेळ चहाच चालला होता. भाऊ रडकुंडीला आले होते. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा साहेबांचा मनापासून आदर केला. पहिली बाजू संपली. सर म्हणाले, दुसरी लावू? भाऊ म्हणाले, लावा. ती संपली. लोक म्हणाले, ती पयलीच बरी व्हती. पुन्हा पहिली. इंग्लंडात जी कुणी घरी न्यायला तयार नव्हतं, ती सेनगावात एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा वाजली.

पहिल्या बाजूच्या शेवटी एक जागा आहे. सगळं शांत होतं, एकटा ढोल राहतो, मग एकेक जण येऊन मिळतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा एकदम उभा राहतो. सर ह्याच जागेसाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. ढोल सुरू झाला आणि गेटवर पुन्हा दिवे दिसले.

ह्या वेळी खरंच साहेब होते.

बँडवाले हलले नाहीत. त्यांना वाटलं, आता जिलबी आली असेल. भाऊ गेटवरून दोन्ही हातांनी मला खुणा करत होते, मान कापल्यासारख्या. बंद करा, बंद करा. माझं बोट फेडरवर. येणाऱ्या निवडणुकीत साहेबांच्या सगळ्या सभांचं काम मला मिळायचं होतं, भाऊंनीच शब्द टाकला होता. एक इंच खाली ओढायचं होतं, बस.

मी सरांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, दोन्ही तळहात लाकडावर. मॅडमचा हात त्यांच्या पाठीवर.

कुणी विचारलं तर मी अजूनही सांगतो, की फेडर अडकला होता. सोयाबीनची धूळ गेली असेल.

साहेब आत आले तेव्हा ट्रम्पेट वर चढत होते. साहेब थबकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, हे आपल्यासाठीच! त्यांनी छाती पुढं काढली, चाल हळू केली, हात जोडले, डावीकडे, उजवीकडे. व्हायोलिन वाढले तसे साहेब वाढले. शेवटचा मोठा सूर सुटला आणि बरोबर तेव्हाच त्यांनी स्टेजच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डला. साहेबांनी त्या हात हलवून स्वीकारल्या.

त्यानंतरचे सत्कार आणि भाषण मी सांगत नाही. वाचनाचं महत्त्व सांगून साहेबांनी उद्घाटन केलं आणि एकाही कपाटाकडे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पीएचा फोन आला. मी कामावर पाणी सोडूनच उचलला.

"ते एन्ट्रीचं म्युझिक कुठलं होतं? साहेबांना प्रत्येक सभेत तेच पाहिजे. शेवटचा तुकडा कापून पाठवा."

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तुकडा मिळणार नाही. पूर्ण बाजू वाजवणार असतील तर रेकॉर्ड घेऊन मी स्वतः येतो."

मी पीएला सांगितलं की ही परदेशी रेकॉर्ड आहे, मधूनच सुरू केली तर बिघडते. पूर्ण वाजवून साहेबांना शेवटी आत आणावं लागतं. पीएनं कारण विचारलं नाही. साहेब वेळेआधी येतील अशी भीती त्याला कधीच नव्हती.

तेव्हापासून जिल्ह्यात साहेबांची सभा असली की आधी पुलाची रेकॉर्ड वाजते. सोयाबीनची पोती माझ्या गाडीत कायमची असतात. रशीदभाईंनी शेवटची धून आपल्या बँडवर बसवायचा प्रयत्न केला, ती आता वरातीत नवरदेव उतरताना वाजते. साहेबांना संगीताची उत्तम जाण आहे, असं त्यांचे कार्यकर्ते छापतात. सरांचं नाव कुठंच छापून येत नाही. सरांनाही त्याचं काही नाही. ते स्पीकरला हात लावून बसतात आणि डोळे उघडून लोकांकडे बघतात, कोण ऐकतंय म्हणून.

माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्याचं सार सांगतो. आमच्याकडे माणसांना काही चांगलं ऐकवायचं असेल, तर चांगलं ऐकायला या असं म्हणू नका, चिटपाखरू येणार नाही. एखाद्या मोठ्या माणसाला बोलवा, आणि त्याला यायला उशीर होईल एवढं बघा.

परवा मॅडमचा फोन आला. फोनवरचं सरांना आता काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं मॅडमच्या तोंडून होतं. "सर विचारून राहिले, येत्या रविवारी वाचनालयाच्या कार्यक्रमाला पाहुणे कोण?"

मी एका नव्या अधिकाऱ्याचं नाव सांगितलं. मॅडमनी ते सरांना लिहून दाखवलं असावं, कारण मागून सरांचा आवाज आला, घाबराघुबरा. "तो? अरे, तो तर वेळेवर येतो म्हणे!"

"सरांना सांगा, काळजी करू नका," मी म्हणालो. "त्यांच्या गाडीची सोय माझ्याकडं आहे. सेनगावची जीप सांगितलीय."